दोनदा केलेली सही

सही या गोष्टीकडे मी आयुष्यात कधी फार गांभीर्यानं पाहिलं नव्हतं. कराडजवळच्या आमच्या गावात वर्षातून दोन-तीनदा सह्या गोळा व्हायच्या. कधी एसटीच्या थांब्यासाठी, कधी जळालेल्या डीपीसाठी. कागद घरी आला की सही करायची, परत आला की परत करायची. एका अर्जावर आमच्या चुलत्यांनी तीन सह्या ठोकल्या होत्या: एक स्वतःची, एक मुंबईच्या भावाची आणि एक देवाघरी गेलेल्या आजोबांची. कुणी काही विचारलं नाही. थांबाही झाला नाही, ते सोडा.

हे संस्कार घेऊन मी 2006 साली वॉशिंग्टन राज्यातल्या सीटॅक गावात आले. नणंदेनं आमच्या नावाचा अर्ज कधीकाळी केला होता आणि बारा वर्षांनी आमचा नंबर लागला. ती राहते बेलव्ह्यूला, तळ्यापलीकडे, जिथं सॉफ्टवेअरवाली मराठी मंडळी राहतात. आम्हाला परवडलं ते सीटॅक. सिॲटल आणि टॅकोमा या दोन शहरांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं हे गाव. वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास, मधोमध विमानतळ आणि त्याच्या कडेनं इंटरनॅशनल बुलव्हार्ड नावाचा रस्ता. त्या रस्त्यावर हॉटेलं, पार्किंगच्या इमारती, भाड्याच्या गाड्यांची दुकानं. आमच्या चाळीसारख्या अपार्टमेंटमध्ये सोमाली, इथिओपियन, मेक्सिकन, फिलिपिनो, पंजाबी असे सगळे, आणि मराठी म्हणजे आम्ही दोघं.

मी त्याच रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला लागले. नवरा कराड डेपोत कंडक्टर होता, तो विमानतळावर एका कंत्राटदाराकडे व्हीलचेअर ढकलायच्या कामाला लागला. या कामात त्याची मराठी अनपेक्षितपणे उपयोगी पडली. मार्च 2012 पासून दुबईहून एमिरेट्सचं थेट विमान सुरू झालं आणि त्यातून पोरांकडे येणारे आई-बाबा धडाधड उतरू लागले. पाय ठणठणीत असतात, पण इंग्रजीची भीती वाटते म्हणून मुलांनी तिकिटातच व्हीलचेअर लिहिलेली असते. खुर्चीत बसलेल्या काकूंना मागून "सामान किती आहे काकू?" असं ऐकू आलं की त्यांना रडूच फुटायचं. टिप मात्र कुणी देत नसे. चकल्या मिळायच्या.

त्याचा दर होता तासाला 9 डॉलर 19 सेंट. 2013 सालचं राज्याचं किमान वेतन तेवढंच होतं आणि तेही तेव्हा देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मला सात वर्षांच्या नोकरीनंतर दहा डॉलर मिळायचे. आठ तासांत सोळा खोल्या. ज्यांनी हाउसकीपिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, खोली आणि खोलीत फरक असतो. पाहुणा अजून राहतोय अशी खोली वीस मिनिटांत होते. पाहुणा निघून गेलेली, म्हणजे चेकआउट, तिला चाळीस मिनिटंही कमी पडतात. पलंग पूर्ण उघडायचा, जाडजूड गादीचा कोपरा एका हातानं उचलून दुसऱ्यानं चादर खोचायची, मग टबात गुडघ्यावर बसून भिंती घासायच्या. रविवारी सगळ्याच चेकआउट. मोसम नसला की तासच कमी मिळायचे, आठवड्याला बत्तीस, कधी चोवीस. आजारी पडलं तर त्या दिवसाचा पगार नाही, म्हणून ताप असला तरी गोळी घेऊन जायचं आणि खोकत खोकत दुसऱ्याच्या उशीला अभ्रा घालायचा.

2012 च्या सुरुवातीला आम्ही दोघांनी टक्विलाच्या कार्यालयात नागरिकत्वाची शपथ घेतली. तिथंच मतदार नोंदणीचा फॉर्म भरला. त्यावर मी मराठीत सही केली, बँक ऑफ महाराष्ट्रच्या पासबुकावर असायची तशीच, शेवटी खाली ओढलेल्या रेघेसकट. नोव्हेंबरमध्ये ओबामांच्या निवडणुकीला मतपत्रिका घरी आली, पाकिटावर तशीच सही केली, पेटीत टाकली. इथं मतदान टपालानंच होतं.

मग 2013 चा मे महिना. ए लाइनच्या बसथांब्यावर एक मुलगी हातात पाटी आणि कागद घेऊन उभी. म्हणाली, सीटॅकमधल्या हॉटेल, पार्किंग आणि विमानतळाच्या कामगारांना तासाला 15 डॉलर मिळावेत म्हणून सह्या गोळा करतोय, पुरेशा झाल्या तर नोव्हेंबरला गावाचं त्यावर मत घेतील. मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. पंधरा? मी केली सही.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "पगार मतदानानं ठरतो होय? आमच्या एसटीत करारानं ठरायचा, तोही चार वर्षांनी, आणि तोसुद्धा वर्षभर उशिरा." पण दुसऱ्या दिवशी त्यानंही थांबा गाठून सही केली. कागद पूर्ण वाचून, चष्मा लावून, एकदाच.

मी वाचला नव्हता. तीन आठवड्यांनी रविवारी दार वाजलं. एक वयस्क सोमाली गृहस्थ, सोबत दुभाष्या म्हणून दहा-बारा वर्षांचा नातू. हातात तोच कागद. माझे हात कणकेचे. मी झाली म्हणून सांगणार होते, पण तो माणूस तीन जिने चढून आला होता, धापा टाकत होता, आणि मला वाटलं बसथांब्यावरचा कागद वेगळा असेल, हा बिल्डिंगचा असेल. हात पुसले आणि केली सही. रेघेसकट. त्यांना पाणी दिलं.

ऑगस्टच्या शेवटी, मोहिमेचं काम करणारी एक बाई दारात आली. तिच्याकडे नावांची यादी होती. अगदी सौम्यपणे तिनं विचारलं, "तुम्ही दोनदा सही केली होती का?"

तोवर काय काय होऊन गेलं होतं ते तिच्याकडून कळलं. प्रस्ताव मतपत्रिकेवर यायला 1,536 वैध सह्या लागत होत्या. जमल्या त्याहून पुष्कळ जास्त. पण तपासणीत गाळण झाली: कुणी गावाबाहेरचे, कुणी नोंदणी नसलेले, कुणाची सही जुळत नव्हती. तरीही आकडा पार झाला. मग विरोधात असलेले, त्यात अलास्का एअरलाइन्सही, कोर्टात गेले. राज्याच्या कायद्यात एक कलम आहे: एकाच माणसानं दोनदा सही केली असेल तर त्याच्या सगळ्या सह्या बाद, पहिलीसुद्धा. न्यायाधीशांनी ते कलम लावलं आणि साठेक सह्या आणखी उडाल्या. आता कमी पडत होत्या त्या जेमतेम दीड डझन.

त्या साठातली एक मी.

ती बाई गेल्यावर मी कोऱ्या अर्जाची प्रत काढून वाचली. वरच ठळक अक्षरात इशारा होता, की जाणूनबुजून एकाहून अधिक अर्जांवर सही करणं हा गुन्हा आहे, दंड किंवा कैद होऊ शकते. नागरिक होऊन दीड वर्ष झालेलं. रात्रभर झोप नाही. नवऱ्याला म्हटलं, आपल्याला परत पाठवतील का रे? तो म्हणाला, "अगं, नागरिकाला कुठं परत पाठवतात? पाठवलंच तर कराडला जाऊ, डेपोत ओळख आहे." विनोद करायची ही वेळ होती का? दुसऱ्या दिवशी त्या बाईला फोन केला. ती खूप हसली. म्हणाली, जाणूनबुजून हा शब्द वाच, कुणी तुरुंगात जात नाही, आम्ही अपील केलंय.

खरी शिक्षा हॉटेलात मिळाली. लॉन्ड्रीत आम्ही सहा-सात जणी टॉवेल घड्या करत होतो आणि विषय तोच. सिएरा लिओनकडची एक जण तावातावानं म्हणाली, "कोण असतील ही मूर्ख माणसं दोन-दोनदा सह्या करणारी? त्यांच्यामुळे आपलं सगळं गेलं." माझ्यासोबतची फिलिपिनो बाई म्हणाली, पैसे खाऊन मुद्दाम केलं असेल. मी खाली मान घालून घडी घालत राहिले. टॉवेलची घडी तीन पदरी असते. मी बहुतेक पाच पदरी घातल्या असतील. सुपरवायझरनं सगळा ढीग परत उलगडायला लावला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपती बसायच्या दोन-चार दिवस आधी, अपील कोर्टानं निकाल फिरवला. दोनदा सही करणाऱ्याची दुसरी सही बाद करा, पण पहिलीही काढून घेणं म्हणजे त्या मतदाराचा आवाजच काढून घेणं, ते घटनेत बसत नाही, असा त्याचा आशय. मतपत्रिका छापायला जायच्या आत प्रस्ताव पुन्हा त्यावर चढला. प्रस्ताव क्रमांक 1. कोर्टानं वाचवलेल्या सह्यांमध्ये माझी बसथांब्यावरची सही होती, हे मी लॉन्ड्रीत कुणालाही सांगितलं नाही. आजही नाही.

त्याच दिवसांत मंडळाच्या गणपतीला गेलो. नणंदेनं मोदकांचं काम माझ्याकडे दिलेलं असतं, हाउसकीपिंग असो की मोदक, माझं नशीब कळ्यांचंच. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी हा विषय काढला. एक जण म्हणाला, "चादरी बदलायला पंधरा डॉलर? मग कॉलेजला कशाला जायचं?" दुसरा म्हणाला, हॉटेलं बंद पडतील, यंत्रं आणतील. तो काही वाईट मनाचा माणूस नव्हे. त्याच्या आईला मागच्याच महिन्यात माझ्या नवऱ्यानं इमिग्रेशनपासून गाडीपर्यंत आणलं होतं. त्या काकूही तिथंच बसल्या होत्या, त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "अरे हेच ते! यांनी माझी औषधांची पिशवी परत जाऊन शोधून आणली. किती मिळतात हो तुम्हाला?" नवऱ्यानं कंडक्टरच्या सवयीनं सेंटसकट आकडा सांगितला. काकूंनी मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाल्या, मग चांगले आहेत की. सगळे हसले, विषय संपला.

पण त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही. आमच्या रस्त्यावरच बडोद्याकडच्या एका जोडप्याचं मोटेल होतं. ऐंशी खोल्या, नवरा काउंटरवर, बायको लॉन्ड्रीत, दोन बायका कामाला. त्या ताई एकदा बसमध्ये भेटल्या तर घाबरलेल्या होत्या. मी तोवर प्रस्ताव अक्षरन् अक्षर वाचला होता, एकदा पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. त्यांना सांगितलं, हा कायदा शंभर किंवा अधिक खोल्या आणि तीस किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेलांनाच लागू आहे, तुम्हाला नाही. त्या म्हणाल्या, तो नाही लागू, पण समोरचा पंधरा देईल तर माझ्याकडे दहावर कोण थांबेल? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाचताना कळलं की पंधराच्या पुढं आणखी बरंच काही आहे, आणि बसथांब्यावरच्या मुलीनं ते सांगितलंच नव्हतं. चाळीस तास कामाला एक तास आजारपणाची पगारी रजा. सेवाशुल्क म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेला पैसा प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यालाच. नवीन अर्धवेळ माणूस घेण्याआधी ते तास आधीच्या कामगाराला देऊ करायचे. मालक किंवा कंत्राटदार बदलला तर जुन्या लोकांना नव्वद दिवस कामावर ठेवायचं. दर दरवर्षी महागाईप्रमाणे वाढणार. मला पैशाइतकंच तासांचं कलम आवडलं, कारण आमच्याकडे जुन्या बायकांना चोवीस तास देऊन नव्या पोरी घ्यायची रीत होती. खोल्यांच्या संख्येबद्दल मात्र त्यात एक अक्षर नव्हतं. सोळाच्या वीस केल्या तरी चालणार होतं. ते काम पुढं 2016 मध्ये सिॲटलच्या मतदारांनी केलं: मोठ्या हॉटेलांत एका बाईनं आठ तासांत किती चौरस फूट साफ करायचे त्याला 5,000 ची मर्यादा, आणि एकटीनं खोलीत जाणाऱ्या कामगाराकडे संकटाचं बटण. तोही कायदा कोर्टात अडकला, अनेक विषय एका प्रस्तावात कोंबले म्हणून 2018 मध्ये रद्द झाला, आणि 2019 मध्ये नगरपरिषदेला त्याच विषयांवर चार वेगळे कायदे मंजूर करावे लागले. पण आम्ही सीटॅकचे, सिॲटलच्या मतपेटीशी आमचा संबंध नाही. रस्ता तोच, बस तीच, कायदा वेगळा.

ऑक्टोबरमध्ये गावाला जत्रेची कळा आली. बारा हजारांच्या आतबाहेर मतदार आणि दोन्ही बाजूंचा मिळून खर्च वीस लाख डॉलरच्या आसपास, असं पेपरात आलं. रोज पेटीत चकचकीत पत्रकं. दारावर माणसं सोमाली, अम्हारिक, स्पॅनिश बोलणारी. माझ्यासाठी एक पंजाबी टॅक्सीवाले सरदारजी आले आणि हिंदीत समजावू लागले. मी त्यांना म्हटलं, भाईसाब, मुझे सब कलमें याद हैं, चाय पीजिए.

मतपत्रिका आली. हो समोरचा गोल मी बॉलपेननं इतका रंगवला की कागद मागून उमटला. आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट, 46 सेंटचं तिकीट. आणि मग बाहेरच्या पाकिटावर सही. इथं माझा हात थांबला. सहीनं एकदा एवढं रामायण केलंय, आता काही घोळ नको, त्यांना वाचता यावी अशी करू. म्हणून शाळेत इंग्रजीच्या बाईंनी शिकवल्यासारखी, एकेक अक्षर जोडून, पूर्ण नावानिशी इंग्रजीत सही केली. आयुष्यातली पहिली.

5 नोव्हेंबरच्या रात्री पहिला निकाल आला: 54 टक्के बाजूनं. लॉन्ड्रीत दुसऱ्या दिवशी गाणी. पण टपालाच्या मतदानात पाकिटं येत राहतात, त्या दिवसाचा शिक्का असला की झालं, आणि रोज दुपारी नवा आकडा लागतो. उशिरा आलेल्या मतांत विरोधक जास्त होते. अडीचशेच्या वर असलेली आघाडी रोज झिजू लागली. एके दिवशी ती पन्नासच्या आसपास येऊन थांबली.

त्याच आठवड्यात मला निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं. तुमच्या पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही, त्यामुळे तुमचं मत अजून मोजलेलं नाही, सोबतच्या फॉर्मवर सही करून निकाल प्रमाणित होण्याआधी पाठवा.

पत्र हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. नवरा आला, वाचलं, आणि या वेळी त्याला हसू आलं नाही. "पन्नासाचा फरक आहे आणि तू घरी बसलीयेस," एवढंच म्हणाला. टपालावर माझा आता भरवसा नव्हता. सकाळच्या पाळीला रजा टाकली, म्हणजे आठ तासांचे ऐंशी डॉलर गेले, आणि दोन बस बदलून रेंटनला त्यांच्या मुख्य कार्यालयात पोहोचले. खिडकीतली बाई शांत होती. तिनं फॉर्म पुढं सरकवला. मी विचारलं, कोणती सही करू? ती म्हणाली, तुमची.

मी मराठीत केली. हात एवढा थरथरत होता की शेवटची रेघ नागमोडी गेली. तिनं पडद्यावर काहीतरी पाहिलं, मान डोलावली, आणि म्हणाली, ही रेघ छान आहे. परत येताना बसमध्ये मला उगीचच रडू येत होतं. आमच्या शाळेतल्या बाई त्या रेघेला शेपूट म्हणायच्या आणि काढू नको म्हणून सांगायच्या.

26 नोव्हेंबरला निकाल प्रमाणित झाला. बाजूनं 3,040, विरोधात 2,963. फरक 77. विरोधकांनी हातानं फेरमोजणी मागितली. डिसेंबरमध्ये तीही झाली. परत 77. नवरा म्हणाला, तुझं काढलं असतं तर शहात्तर, म्हणजे आलंच असतं. बरोबर आहे त्याचं. पण रेंटनला जाणाऱ्या बसमध्ये शहात्तराचा आकडा कुणाला ठाऊक होता?

आता जी गोष्ट सांगायची ती आमच्या घरातली. नाताळनंतर दोन दिवसांनी, 27 डिसेंबरला, काउंटीच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की सीटॅकचा कायदा विमानतळाच्या हद्दीत चालणार नाही, कारण विमानतळ पोर्ट ऑफ सिॲटल या वेगळ्या सरकारी संस्थेचा, आणि तिथं कायदा करायचा अधिकार पोर्टचा. बाहेरच्या हॉटेल-पार्किंगवाल्या सुमारे 1,600 लोकांना 1 जानेवारीपासून पंधरा मिळणार, आतल्या हजारोंना नाही. मी बाहेर, नवरा आत. ज्या प्रस्तावावर दोघांनी सह्या केल्या, दोघांनी मत दिलं, त्यानं मला 15 डॉलर दिले आणि त्याला राज्याचा नवा दर, 9 डॉलर 32 सेंट.

जानेवारीचा पहिला पगार आला तेव्हा मी स्लिप त्याला दाखवली नाही. फ्रीजवर चिकटवायची आमची पद्धत होती, त्या वेळी पर्समध्येच ठेवली. त्यानंच काढून चिकटवली, आणि खाली स्वतःची. बत्तीस तासांचे माझे त्याच्या चाळीस तासांहून जास्त होते. रात्री जेवताना म्हणाला, "आता तू मला टिप देत जा." मी चकल्यांचा डबा पुढं केला.

हॉटेलात सगळं गोड झालं असंही नाही. कामगारांना मिळणारं दुपारचं फुकट जेवण बंद झालं. जादा तास, म्हणजे ओव्हरटाइम, जवळजवळ थांबला. सुपरवायझरची शिट्टी वाढली, पंधरा डॉलर घेता ना, मग खोली सतरा मिनिटांत काढा. रस्त्यावरच्या एका पार्किंगवाल्यानं तर पावतीवर या कायद्याच्या नावानं वेगळा आकारच लावला. पण कुठलंही हॉटेल बंद पडल्याचं मी पाहिलं नाही. बडोद्याच्या ताईंनी दोन्ही बायकांना थोडी वाढ दिली आणि स्वतः आणखी एक पाळी करू लागल्या. मला आठवड्याला सरासरी एकशे साठ डॉलर जास्त मिळू लागले, त्यात आधी दातांचं काम केलं. आणि फेब्रुवारीत ताप आला तेव्हा दोन दिवस झोपून राहिले. पगारी. झोपच लागली नाही, सारखं वाटायचं कुणीतरी बोलवायला येईल.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 20 ऑगस्ट 2015 उजाडलं. पाच विरुद्ध चार मतांनी त्यांनी सांगितलं, सीटॅकचा कायदा विमानतळावरही लागू. तोवर दर महागाईप्रमाणे वाढून 15 डॉलर 24 सेंट झाला होता. नवऱ्याला बातमी कळली तेव्हा तो दुबईच्या विमानातून उतरलेल्या एका आजोबांना घेऊन बॅगांच्या पट्ट्यापाशी उभा होता. आजोबांनी अभिनंदन केलं आणि मग बराच वेळ आपल्या पेन्शनच्या फरकाची कहाणी सांगितली, ती जळगाव जिल्हा परिषदेकडे नऊ वर्षं अडकली होती.

घरी आल्यावर त्यानं बूटही काढले नाहीत. विजेच्या बिलाच्या पाकिटाच्या मागं हिशेब मांडला. नुसत्या 2014 चा: तासाला 5 डॉलर 68 सेंटचा फरक, चाळीस तास, बावन्न आठवडे. 11,814 डॉलर 40 सेंट. 2015 चा वेगळा, कारण मधे दर हलला होता. मी म्हटलं, चाळीस सेंट सोड. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बिनतिकिटाचं माणूस बसवायला सांगितलंय.

फरक मिळणार की नाही हे मात्र त्या निकालात स्पष्ट झालं नव्हतं, आणि ज्या कंत्राटदाराकडे तो 2014 मध्ये होता त्याचं कंत्राट मधल्या काळात गेलं होतं. त्याच खुर्च्या, तोच गणवेश, पगाराच्या स्लिपवर नाव दुसरं. मागायचं कुणाकडे? काही आठवड्यांनी वकिलांकडून एक जाड पाकीट आलं. फरकाच्या दाव्यात तुम्हाला सामील व्हायचं असेल तर तारखा भरा, कामाचे तास भरा, शेवटच्या पानावर सही करा. नवऱ्यानं चष्मा लावला, सगळी पानं वाचली, पेन उघडलं.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "एकदाच कर!"